हेलिकॉप्टरासाठी धूळ

६ मे, सोमवार

माझा पंडित त्या हेलिकॉप्टरात बसणार आहे. आणि मला आज कळतंय!

कारखान्यात नवं हेलिकॉप्टर बनवतोय, राष्ट्रपतींना न्यायचं, एवढंच फोनवर सांगायचा. मला वाटायचं, माझं पोरगं खाली उभं राहून पान्हे फिरवत असेल. आता म्हणतो चाचणी आहे, मागं बसून मीटरचे काटे बघायचे. चाचणी कुठं? आमच्याच गावात. दूध सोसायटीच्या माळावर, जनावरांच्या छावणीला लागून. साऱ्या देशात धूळ शोधली म्हणे, इथली पसंत पडली. पावसानं तोंड फिरवल्यावर दुसरं काय आहे आमच्याकडं पसंत पडायला?

म्हणाला, "माय, राष्ट्रपती बसायच्या आधी कुणीतरी बसायला लागतं का न्हाई?"

"मग त्यांच्या घरचं बसवा की."

हसला. धुळीत काय होतं विचारलं. पंख्याच्या वाऱ्यानं धूळ उठते, पायलटला जमीन दिसत न्हाई. किती वेळ दिसत न्हाई? तर म्हणे, माय, जेवलीस का.

७ मे

वावटळ आली छावणीत. हातभरावर म्हैस बांधलेली, दिसेना. आणि म्हैस काळी!

८ मे, बुधवार

हात जळजळतायत तरी लिहिते.

सकाळी सोसायटीचे चेअरमन मोहनराव छावणीत आले. पाहुणे येणार, माळ नीटनेटका ठेवा, म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं की जनावरं तिकडं सोडू नका. पण मी 'नीटनेटका' तेवढं धरलं. बायांना म्हटलं, पाहुणा उतरणार तर जागा सारवायला नको? पाणी प्यायला नाही, पण छावणीत शेणाला आणि मुताला काय तोटा!

रुक्मिणीबाई म्हातारी, तिला सगळं विचारायचं असतं. "राष्ट्रपती येतोय का गं मनकर्णे?"

"त्याची गाडी येतेय."

"मग गाडीला कुंकू लावायचं का पंख्याला?"

बाया हसल्या. मी नाही हसले. पाट्या भरभरून शेण नेलं, उतरायच्या जागी आखलेल्या चुन्याच्या गोलाच्या बाहेरपर्यंत सारवलं. कुणी टेकलं की मी खेकसत होते. एवढी घाई कावून, कुणी विचारलं नाही. यांनी मात्र ओळखलं. गव्हाणीत चारा टाकता टाकता म्हणाले, पोराला नोकरी लागली ती बघ, कुठं नाक खुपसू नको. मी पुढची पाटी भरायला घेतली.

दिवस मावळायच्या आत घरातल्या जमिनीसारखं झालं. आता उडव म्हणावं धूळ.

९ मे

उन्हानं सगळं सारवण तडकलं. कडा वर वळल्या, पापडासारख्या.

कारखान्याचा साहेब जीपनं आला. बुटाच्या टोकानं एक पोपडा उचलून बघितला. मोहनराव पुढं झाले, आमच्या महिला सभासदांनी स्वागत केलंय साहेब, म्हणाले. साहेब ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच बोलला. आम्ही इथं धुळीसाठीच आलो होतो. आणि हे पोपडे वाऱ्यानं उडून इंजिनात गेले तर —

त्यानं पोपडा मुठीत चुरला.

"तर काय?" मी विचारलं.

"तर ते उतरणार नाही बाई. पडेल."

मी पायाजवळचे पोपडे वेचायला लागले. मोहनराव खेकसले, कुणाच्या डोक्यातून निघालं हे? मी म्हटलं, "माझ्या. माझं लेकरू हाय त्याच्यात."

साहेबानं माझ्याकडं बघितलं, मग माळाकडं. उद्या सगळं खरवडून काढा, म्हणाला. चाचणी परवा.

१० मे

खुरप्यानं खरवडलं. खराट्यानं झाडलं. एक पोपडा ठेवला नाही, गुडघ्यावर बसून बोटांनी चाचपलं. पण खुरप्यानं खालची जमीन उकरली गेली. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. पीठ नुसतं!

साहेबानं मूठभर माती हातातून सोडून बघितली. खूष झाला. अशीच हवी होती, म्हणाला.

माझ्याच हातानं माझ्या पोरासाठी धूळ दळली मी.

११ मे, शनिवार

आम्हाला छावणीत थांबवलं होतं. चौसाळा गावाच्या अंगानं आलं. लांबून बरं दिसत होतं, निळं-पांढरं. माळावर आलं आणि खालून धूळ उठली, त्याला गिळून बसली. नुसता आवाज. म्हशी दावी तोडायला लागल्या. यांनी माझं मनगट धरलं होतं, की मी यांचं, माहीत नाही. तो आवाज एकदा बारीक झाला तेव्हा मी डोळे मिटले.

मग थांबला. धूळ बसायला लई वेळ लागला. त्यातून चौघं चालत आले, सगळे एका रंगाचे. आपला कोणता ते चालीवरून ओळखलं.

माझ्याजवळ बसून दोन भाकरी खाल्ल्या. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरला. मी बघतेय म्हटल्यावर एका हातानं धरला.

"दिसत होती का जमीन?"

"खा की माय तूबी."

१२ मे

एकदा उतरून भागत नाही म्हणे. वजन घालून, वजन काढून, सकाळी, भर दुपारी. पाऊस पडेपर्यंत रोज. सोसायटीनं माळ दिला. उतरून झालं की जमीन दबते, म्हणून रोज खुरपून भुसभुशीत करायची. बायांना रोजगार लागला. मुकादम मला केलंय. मी नाही म्हणणार होते. पण उजाडायच्या आत सगळ्या दारात येऊन उभ्या, रुक्मिणीबाईसुद्धा, खुरपं घेऊन.

गेले.