एकट्याचं यंत्र

कास्परदादा,

बाबांना आता जिना चढवत नाही, म्हणून त्यांची खाट खाली आपल्या सुतारखान्यात आणायची आहे. तेवढी जागा करायची तर करवतीचं आणि रंध्याचं अशी दोन्ही जुनी यंत्रं काढून एकच जोडयंत्र घ्यावं लागतंय. इन्सब्रुकचा दुकानदार म्हणाला, "बाई, एकातच सगळं होतं." होतं खरं, पण त्यावर एका वेळी एकालाच काम करता येतं.

बाबांनी लगेच विचारलं, "मग कास्पर आला की तो काय तुझ्या तोंडाकडे बघत बसेल?"

तू व्हिएन्नात फोनही उचलत नाहीस. मी सांगून टाकलं, "विचारलं त्याला. घे म्हणाला."

वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी हातातला सूपचा वाडगा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "घे म्हणाला? म्हणजे तो आता येत नाही." तेव्हापासून ते सूपसुद्धा घेत नाहीत.

यंत्र उद्या येतंय. हे पत्र टाकायला मन धजत नाही, कारण तू खरोखरच 'घे' म्हणशील. दादा, एकदा ये आणि मला खोटं पाड.

तुझी धाकटी,
बुर्गी