शेगडीच्या हॉटेलांची तपासणी

इंदिरानगर, नाशिक
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सोमा यास,

तुझ्या खंडेराव गुरुजींचा मनापासून नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे वत्सला ठीक आहे आणि मी तिच्या म्हणण्यानुसार ठीक आहे. तुझ्या कारभारणीचा, सगुणाबाईंचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला दिलेलं तेल त्या लावतात की तुमच्या म्हशीला लावतात? चांगुणा, सासऱ्याला हे पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगतो. घाई करायची नाही, स्वल्पविरामाला थांबायचं आणि कंसातलं हळू वाचायचं. (चौथीत तू कंस गाळून पुढे पळायचीस. मी विसरलेलो नाही.)

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू नुसतं "हां गुरुजी, हां गुरुजी" करतोस आणि शेवटी येत नाहीस. गेली बावीस वर्षं तू नाशकात पाऊल टाकलेलं नाहीस. एकदा लावणी होती, एकदा जीप भरली होती, एकदा बैल रुसला होता. दरवर्षी मीच सुरगाण्याला येऊन तुझ्या अंगणात जेवून जातो. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे, पण आधी जेवणाचं बोलू. चौदा डिसेंबरला, रविवारी, मला पंचाहत्तर पूर्ण होतायत. सुनीलने विचारलं, "अण्णा, काय पाहिजे?" मी म्हटलं, सोमा पाहिजे. माझ्या शेजारी बसून जेवणारा. तोवर तुझं भात झोडून झालेलं असतं आणि नागली घरात आलेली असते, तेव्हा ती सबब चालणार नाही. बैलाचं मी बघून घेईन.

आता तुला जेवायला न्यायचं म्हणजे भाजलेलंच पाहिजे. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत मी एकोणीस वर्षं बसलो आणि तू आमचा स्वयंपाकी, त्यातले सगळे रविवार आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरामागे तुझ्या कोळशापाशी गेले. मीठ, लसूण, सुकी मिरची पाट्यावर वाटून कोंबडीला चोळायची आणि सायकलच्या चाकाच्या तारांवर टोचून भाजायची. (त्या तारा माझ्याच सायकलच्या होत्या हे मला निवृत्तीनंतर कळलं. चाक वाकडं का चालतं म्हणून मी वर्षभर गावातल्या रस्त्याला शिव्या देत होतो.) सुनीलची निकिता आता कॉलेजात आहे. तिने सांगितलं, आजोबा, आता यासाठी शहरात खास हॉटेलं आहेत. टेबलाच्या मधोमध खड्डा असतो, त्यात पेटलेली शेगडी आणून ठेवतात आणि भाजलेलं तुमच्यासमोर येतं. तुम्ही नुसतं बसायचं. हे 'नुसतं बसायचं' मला फार आवडलं. मी तिथल्या तिथे ठरवलं, सगळी हॉटेलं तपासायची, पहिल्या नंबराच्या हॉटेलात सोमाला बसवायचं. वही घेतली, रकाने आखले: कोळसा, मसाला, वागणूक, स्वच्छता, एकूण शेरा. वत्सला म्हणाली, "तुम्ही जेवायला चाललात की शाळा बंद पाडायला?"

पहिली तपासणी गंगापूर रोडला. दुपारी साडेबाराला आम्ही तिघं पोचलो, मी, वत्सला आणि निकिता. खुर्च्या मऊ, गारवा इतका की वत्सलाने पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. वेटरने शेगडी ठेवली आणि टेबलाच्या कडेला एक चिमुकला लाल झेंडा उभा केला. तो काहीतरी सांगत होता, पण मी तेव्हा कोळशाला किती गुण द्यावेत त्या विचारात होतो. मला वाटलं, ज्येष्ठ नागरिक आलेत म्हणून मान दिला. मी बसल्या बसल्या पाठ ताठ केली. मग सळया यायला लागल्या. पनीर, कोळंबी, कोंबडी, पुन्हा कोंबडी, आणि सोमा, अननस! तिखट लावून भाजलेला अननस. (त्याला मी शेरा दिला: 'हेतू समजला नाही.') खाऊन झालं तरी येतच होतं. वत्सलाने नको म्हटलं, तरी आलं. तेव्हा निकिता म्हणाली, "आजोबा, झेंडा खाली करा. उभा असला की ते आणत राहतात, खाली केला की थांबतात."

आता तूच सांग. नोकरीची एकतीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मी सकाळी झेंडा चढवला, संध्याकाळी उतरवला आणि पोरांना बजावलं की सूर्यास्ताआधी झेंडा उतरत नाही. तो झेंडा निराळा, हा कापडाचा तुकडा निराळा, हे मला कळतं रे. पण हात उठेना. वत्सलाचा हात पुढे गेला तो मी धरला. दुसरीकडे, ताटात टाकायचं नाही हेही पोरांना मीच शिकवलेलं, आणि समोर नात बसलेली. झेंडा उतरवायचा नाही आणि ताटात टाकायचं नाही, या दोन तत्त्वांच्या मध्ये मी साडेतीन वाजेपर्यंत खात होतो. डोळे पांढरे व्हायची वेळ आली. शेवटी मी तोंड पुसायला वळलो तेवढ्यात त्या पोरीने झेंडा हळूच आडवा केला. सळया जागच्या जागी बंद! मी तिच्याशी संध्याकाळच्या चहापर्यंत बोललो नाही. खरं तर बोलताच येत नव्हतं. बूटही सुनीलने येऊन माझ्या पायात घातले.

विंचूरच्या बाजूचं दुसरं हॉटेल वत्सलाने दारातच नापास केलं, कारण पाटीवर पेल्याचं चित्र होतं आणि तो पेला सरबताचा नव्हता. म्हणून तिसरं, कॉलेज रोडचं. तिथे मात्र कोळसा अस्सल होता. निखाऱ्यांवर पांढरी राख धरलेली, ज्वाळा नाही, धूर नाही. मी म्हटलं, हे कुणीतरी शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि उठून मागे गेलो. भट्टीपाशी चाळिशीचा एक माणूस घामाने निथळत उभा होता. मला बघून त्याने चिमटा टाकला आणि सगळ्यांसमोर माझ्या पायाला हात लावला. आपला नाथा रे! सातवीत भूगोलात तीनदा नापास झालेला नाथा. मी विचारलं, कोळसा धरायला कुणी शिकवलं? म्हणाला, "सोमामामांनी. लाल कोळशाव काय ठेवायचं नाय, राख धरू द्यायची, असं सांगायचे." मला इतका आनंद झाला की मी त्याचा दंड धरून म्हटलं, चल, आमच्या टेबलावर बस, आज तुला मी वाढतो. तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, आमाला हितं बसाया नाय." मग त्याने विचारलं, "सोमामामा येतात का तुमच्याकडं नाशकात?"

मी तसाच टेबलावर परत आलो. वही उघडली. वहीत त्या हॉटेलाच्या सगळ्या रकान्यांत पैकीच्या पैकी गुण आहेत आणि तरी ते बाद आहे. जिथे तुझा शागीर्द दिवसभर उभा राहतो आणि बसू शकत नाही, तिथे तुला बसवून मी कसला वाढदिवस करणार? एकूण तपासणीचा निकाल असा की नाशिक शहरात योग्य हॉटेल आढळून आले नाही. जेवण आमच्या गच्चीवर होईल. नाथा सुट्टी घेऊन येतोय, पाहुणा म्हणून. सगुणाबाईंना आणि चांगुणाला घेऊन ये. वत्सलाने गाद्या उन्हात टाकल्यासुद्धा.

तुझाच,
खंडेराव

ता.क. १: या पत्राचं खरं कारण आता सांगतो. भाजणार मी आहे. काल रविवारी गच्चीवर रंगीत तालीम केली. कोंबडी बाहेरून कोळसा झाली आणि आतून जिवंत राहिली. सुनील चांगला मुलगा आहे, त्याने दोन घास खाल्ले आणि मग "ऑफिसचा फोन आला" म्हणाला. रविवारी! तेव्हा मीठ किती, लसूण किती आणि किती वेळ चोळून ठेवायची ते चांगुणाकडून लिहून घे आणि उलट टपाली पाठव. "अंदाजानं" असं लिहिलंस तर गुण मिळणार नाहीत.

ता.क. २: चांगुणा, आता सगळ्यांना अंगणात बोलाव आणि हे मोठ्याने वाच. तेव्हा जे झालं ते चारचौघांत झालं, म्हणून हेही चारचौघांत व्हायला पाहिजे. बावीस वर्षांपूर्वी इथे नाशकात सुनीलच्या लग्नाला सोमा पांढरा सदरा घालून, नवा तांदूळ पाठीवर घेऊन आला होता. आचाऱ्याच्या माणसाने त्याला वाढपी समजून मठ्ठ्याची बादली दिली आणि त्याने ती घेतली. त्या माणसाची चूक नाही, तो सोमाला ओळखत नव्हता. मी ओळखत होतो. दुसऱ्या पंगतीला मी त्याला बघितलं आणि बादली हातातून काढून घ्यायची सोडून म्हटलं, "सोमा, त्या कोपऱ्यात मठ्ठा पोचला नाही." तो कोपऱ्यात वाढून आला. तीन पंगती वाढल्या आणि न जेवता एसटीने निघून गेला. मला दोन दिवसांनी वत्सलाने विचारलं, सोमाभाऊ कुठे जेवले? त्या दिवसापासून मला लाज वाटते, आणि दरवर्षी तुझ्या अंगणात बसून, तुझ्या हातचं खाऊन मी ते बोललो नाही. सोमा, माझं चुकलं.

ता.क. ३: येताना काही आणू नकोस. तांदूळ नको, नागली नको. (मसाला तेवढा आण. माझा परवा वाटलेला शेजारच्या कुत्र्याने हुंगला आणि तो रस्ता ओलांडून गेला.)

ता.क. ४: गंगापूर रोडच्या हॉटेलातला तो लाल झेंडा वत्सलाला माझ्या खिशात सापडला. कसा आला विचारू नकोस, आणि चांगुणा, हे हळू वाच. सोमा, तो मी गच्चीवर तुझ्या पाटाशेजारी कुंडीत रोवणार आहे. तू बसायचं, मी आणत राहीन. पोट भरलं की तुझ्या हाताने खाली कर. मी उतरवणार नाही, सूर्य मावळला तरी.