“जुळलं” म्हणायचं काम

सोमवार, २
आले एकदाची! नवं शहर, नवी नोकरी, दोन खोल्यांचं घर. आल्या आल्या आईने खिडकीजवळची जागा पटकावली. हाडांच्या इस्पितळात मी नॅव्हिगेशनचं मशीन सांभाळणार. पेशंटच्या हाडाला मण्यांसारख्या चकचकीत गोळ्या लावतात, त्या कॅमेऱ्याला दिसतात. मग डॉक्टर टोकदार सळई हाडाला ठिकठिकाणी टेकवतात. एकेक हिरवा ठिपका उमटत पडद्यावर गुडघा तयार होतो आणि कुठे कापायचं ती लाल रेघ येते. शेवटची तपासणी माझी. डॉक्टर विचारतात, जुळलं? मी “जुळलं” म्हटल्याशिवाय करवत सुरू होत नाही. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, एवढा मान तुला सासरीसुद्धा मिळायचा नाही! शुक्रवारी आईचाच उजवा गुडघा आहे. लेकीच्या मशीनवर करणार म्हणून तिने अख्ख्या जिन्याला सांगून ठेवलंय.

मंगळवार, ३
दुपारी ऑपरेशन थिएटर रिकामं झाल्यावर कॅमेरा पुसत होते. गोळ्या डब्यात बंद. तरी पडद्यावर एक गुडघा आला आणि हळूहळू वाकायला लागला. स्टीलच्या ट्रेची चमक पडली की कॅमेरा कधीकधी फसतो, म्हणून ट्रे झाकला. गुडघा आपला चालतोच आहे, जरा लंगडत. डॉक्टर म्हणाले, नवं माणूस दिसलं की मशीनलाही चेष्टा सुचते. मीही हसले, पण गोळ्यांचा डबा पुन्हा उघडून पाहिला.

बुधवार, ४
पुन्हा तोच. आज नीट पाहिला. आतल्या बाजूला खाच आहे. आई शिडीवरून पडली होती, तेव्हाची. तिचा एक्स-रे मला तोंडपाठ आहे. फोन केला तर ती भाजी घेऊन जिना चढत होती. पायरीगणिक पडद्यावरचा गुडघा वाकत होता. तिला म्हटलं, जरा बस. ती बसली, तोही दुमडून थांबला.

गुरुवार, ५
आज हिरवे ठिपके उमटतायत. सळई माझ्या हातात आहे, कुठेच टेकवलेली नाही. ठिपका आला की फोनवर आई कळवळते, कुणीतरी गुडघ्यात टोचतंय म्हणते. डॉक्टरांच्या अक्षरशः पाया पडले. उद्याचं ऑपरेशन रद्द केलं त्यांनी. जीव भांड्यात पडला बाई.

शुक्रवार, ६
आई घरीच आहे. मशीनची पिन मी स्वतः भिंतीवरच्या बोर्डातून काढली. पडदा तरी चालू —
ठिपके पूर्ण झालेत. लाल रेघ आली. गुडघ्यावर नाही — वर, मांडीवर.
आईला फोन लावला. म्हटलं, घराबाहेर पड, शेजारी जा. पाय उचलत नाही म्हणते. कुणीतरी धरल्यासारखा —
तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, जुळलं? मास्कमधून यावा तसा आवाज. चार दिवसांत जिभेला वळण पडलेलं. वळून बघायच्या आत तोंडातून गेलं —
जुळलं.
मागे कुणीच नाही.
थिएटरचं दार उघडत नाही. ठोकून ठोकून हात सोलले. वही खिशात होती म्हणून — मी तपासलं नव्हतं, देवा शपथ, काहीच तपासलं नव्हतं —
फोन चालूच आहे. पलीकडे करवत. आईने ऐकलं मघाशी. विचारतेय, बाळा, तू जुळलं का म्ह—