कोवळा खेळाडू द्यायचा नाही

बाबा, तुमच्या टीमनं परवा एकोणीस वर्षांचा एक पोरगा देऊन टाकला. बदल्यात छत्तीस वर्षांचा एक पिचर घेतला, चेंडू फेकून फेकून ज्याच्या खांद्याचं दोनदा ऑपरेशन झालंय. टीम यंदा कधी नव्हे ती जिंकायच्या रांगेत आहे, अर्धा सीझन उलटलाय, खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख तोंडावर आली होती आणि तिथल्या शहाण्यांना वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. तुम्ही असतात तर पेपर टेबलावर आपटला असतात. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी दर जुलैच्या शेवटी मला तो आवाज ऐकू येतो, आणि खरं सांगायचं तर आता मला त्याचाही थकवा येतो.

तुमच्या वेळी अख्ख्या लीड्समध्ये बेसबॉलचे वेडे तुम्ही एकटेच होतात. आता आम्ही सातआठ जण आहोत. रविवारी संध्याकाळी एका पबच्या वरच्या खोलीत जमतो, तिकडे अमेरिकेत दुपारची मॅच असते ती इकडे सहाला सुरू होते. मी त्यांच्यात एकटीच बाई, आणि वयानं दोन नंबरची. आजची मॅच कुणी पाहिलीच नाही, सगळे त्या पोराच्या ट्रेडवरून भांडत बसले. एक रिटायर्ड पोस्टमन आहे, तो म्हणाला की मी चाळीस वर्षं वाट पाहिलीय, एक कप मिळत असेल तर असली दहा पोरं द्या. एक तरुण शाळामास्तर आहे, तो म्हणाला, हाच पोरगा पाच वर्षांनी आपल्याविरुद्ध खेळेल तेव्हा बसा रडत. अगदी तुमचं वाक्य, फक्त यॉर्कशरच्या इंग्लिशमध्ये. दोन तास घसे कोरडे करून झाल्यावर मला विचारलं, तुझं काय मत. मी म्हटलं, त्या पोराला कुणी विचारलं होतं का? सगळे हसले. खेळाडूला विचारत नसतात, हे मलाही माहीत आहे.

माझं लक्षच नव्हतं बाबा. शुक्रवारी ग्लासगोहून लेकीचा फोन आला होता. तुमची नात आता डॉक्टर आहे, तुमच्यासारखीच भूल देणारी, आणि तिची ती मोठी परीक्षा पुढच्या वर्षी आहे. जावई आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेरगावी. घरी तीन वर्षांची पोर. फोनवर आधी हवापाणी झालं, मग माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मागायचंय. म्हणाली, "आई, तिला तुझ्याकडे ठेवू का? फक्त दहा महिने, ऑगस्ट टू जून. माझा एक्झाम झाला की लगेच घेऊन जाते. शी इज ओन्ली थ्री, आई. तिला काही आठवणार पण नाही."

मी म्हटलं, रविवारी रात्रीपर्यंत सांगते. आज रविवार आहे. पबमधून आले, कपडेसुद्धा बदलले नाहीत, आणि तिला फोन करायचा सोडून तुम्हाला लिहायला बसलेय.

मीही तीनच वर्षांची होते. तुम्ही आणि आईनं मला कोल्हापुरात आत्याकडे ठेवलंत. आईला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात जागा मिळाली होती, तिथंच एका खोलीत राहायचं, रात्रंदिवस ड्यूटी, लेकरू ठेवणार कुठे. तुम्हाला दोन वर्षं अमेरिकेत ट्रेनिंग मिळालं होतं. त्या काळच्या आपल्या सगळ्या डॉक्टर घरांत हे चालायचंच, कुणाचं मूल सांगलीला, कुणाचं नागपूरला, आणि आईवडील इकडे परीक्षा देतायत. कुणी कुणाला नावं ठेवत नव्हतं. दोन वर्षांची साडेचार झाली, एवढंच. तेवढ्यात तुम्ही अमेरिकेतून बर्मिंगहॅमला आलात, मग आपल्याला लीड्सला घर मिळालं, आणि मग तुम्ही मला न्यायला आलात.

येताना तुम्ही माझ्यासाठी अमेरिकेत घेतलेला ग्लव्ह आणला होतात. खरा चामड्याचा, तपकिरी, झेल घ्यायचा. कोल्हापूरच्या खोलीत आत्यासमोर तुम्ही तो मोठ्या हौसेनं माझ्या हातात घालायला गेलात आणि तो बोटांपलीकडे गेलाच नाही. मी साडेसात वर्षांची होते. तुम्ही दुकानात उभं राहून अंदाजानं माप घेतलं होतंत, आणि तुमच्या डोळ्यांपुढे माझा हात तीन वर्षांचाच राहिला होता. तुम्ही दोनदा ओढून पाहिलात. मग म्हणालात, "असू दे, दुसरा आणू." दुसरा काही आणला नाहीत, मीही कधी मागितला नाही.

लीड्सच्या त्या स्वयंपाकघरात मात्र तुम्ही मला बेसबॉल शिकवलंत. शनिवार सकाळ, आई ड्यूटीवर, तुम्ही फोडणीचा ब्रेड करताय, मोहरी जाळताय, खिडकी उघडताय. तुमचे अमेरिकेतले एक जुने सहकारी महिन्यातून एकदा तिकडच्या पेपरांची खेळाची पानं पोस्टानं पाठवायचे. तो गठ्ठा आला की तुम्ही आधी हात धुवून पानं तारखेप्रमाणे लावायचात. मग एकेक दिवस वाचायचा. पुढचं पान उलटायचं नाही, हा कडक नियम. तिकडे सगळं घडून महिना झालेला असायचा, पण आपल्या टेबलावर आजचा दिवस तीन जुलै असेल तर तीन जुलैच. तीन तारखेपर्यंत जेवढं माहीत, तेवढ्यावर भांडायचं. कोण द्यावा, कोण घ्यावा. आई म्हणायची, बापलेक शिळ्या बातम्यांवर कसले तावातावानं बोलतात. मला ती सकाळ आवडायची बाबा. ती एवढी एकच वेळ होती की तुम्ही मला काही विचारायचात आणि उत्तराची वाट पाहायचात.

आणि तुमचं मत कधी बदललं नाही. कोवळा खेळाडू द्यायचा नाही. टीम कितीही जिंकायच्या जवळ असो, समोरून कितीही मोठं नाव येत असो, घरचं पोरगं द्यायचं नाही. एकदा दिलं की ते तुमचं राहत नाही, म्हणायचात. मी मुद्दाम उलटी बाजू घ्यायचे, कारण तुम्ही चिडलात की मजा यायची.

पंधरा वर्षांची असताना मी नियम मोडला. शुक्रवारी गठ्ठा आला, तुम्ही हॉस्पिटलात होतात, मी शेवटचं पान काढून वाचलं. तुमच्या टीमनं बावीस वर्षांचा एक खेळाडू दिला होता. शनिवारी मी अशा थाटात वाद घातला की या पोराला हे टीमवाले देऊन टाकणारच, पैज लावा, की तुम्ही हातातला चमचा खाली ठेवलात. तुम्हाला पेशंटच्या चेहऱ्यावरून खोटं कळायचं, मी कोण लागून गेले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "पुढचं पान बघून कुणीही शहाणं होतं. त्या दिवशी ज्यांना ठरवायचं होतं, त्यांच्या हातात पुढचं पान नव्हतं."

एवढंच बोललात. पण मी पंधरा वर्षांची होते आणि पकडले गेले होते. म्हटलं, "तुम्ही मला दिलंतच की. आणि माझ्या बदल्यात तुम्हाला काय मिळालं? हे बेसबॉल."

तुम्ही पानं गोळा केलीत, दोन्ही ताटल्या धुतल्यात, आणि सुट्टी असून हॉस्पिटलात निघून गेलात. पुढच्या शनिवारीही फोडणीचा ब्रेड झाला, पण गठ्ठा तुम्ही तुमच्या खोलीत नेऊन एकट्यानं वाचलात. मला मत विचारणं बंद झालं. मी वाट पाहत होते की तुम्ही एकदा रागवाल, म्हणजे मला माफी मागता येईल. तुम्ही रागावलाच नाहीत. दोघांनी मिळून तो विषय चांगला मुरवला.

मग थेट तुमचं शेवटचं आजारपण. तुम्ही ज्या हॉस्पिटलात पंचवीस वर्षं दुसऱ्यांना झोपवलंत, तिथंच खिडकीजवळच्या खाटेवर. मी औषधांच्या विभागात नोकरीला होते, खालीच, दुपारी सँडविच घेऊन वर यायचे. एका दुपारी तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "तुला ठेवायला नको होतं आम्ही. चुकलं." इतक्या वर्षांनी. मी तुमची चादर नीट केली आणि म्हटलं, जाऊ द्या हो बाबा, झालं ते झालं. मोठ्या मनानं माफ केल्यासारखं. तुम्ही माझा हात धरून ठेवलात, आणि मी तो धरू दिला.

ते माझं पाप आहे. कारण तुम्ही ज्याची माफी मागत होतात, ते मला कधी दुखलंच नव्हतं.

बाबा, मी कोल्हापुरात सुखात होते. आत्या शाळेत मास्तरीण, लग्न न केलेली, दोन खोल्यांत राहणारी, आणि त्या दोन खोल्यांत सगळं माझं होतं. ती मला तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवायची. रोज संध्याकाळी वेणी घालताना दिवसभराचं सगळं माझ्याकडून वदवून घ्यायची आणि मध्ये एकदाही थांबवायची नाही. मला तिथं कुणाची आठवण यायची नाही. तुमचा आणि आईचा फोटो होता भिंतीवर, त्याला मी उदबत्ती लागताना नमस्कार करायचे, बाकीच्या देवांना करायचे तसा. माझं जे तुटलं ते तुम्ही न्यायला आलात तेव्हा. आत्या म्हणाली, विमान बघायला जायचंय. माझी ट्रंक तिनं आदल्या दिवशीच भरून शेजारच्यांकडे ठेवली होती, मला दिसू नये म्हणून. मुंबईच्या विमानतळावर तिनं माझ्या रिबिनी सोडून परत बांधल्या आणि एकदाही डोळे पुसले नाहीत. इकडे आल्यावर कितीतरी दिवस मी आईला काकू म्हणायचे. आत्याची निळी पत्रं यायची, मी उत्तरं लिहायचे, मग माझं मराठी अक्षर बिघडत गेलं, लाज वाटायला लागली, आणि मी लिहिणं सोडलं. ती गेली तेव्हा मी युनिव्हर्सिटीत होते. मी गेले नाही.

पंधराव्या वर्षी मी जे बोलले, ते खोटं होतं. दिल्याचा राग नव्हता मला. परत आणल्याचा होता. पण ते कुठल्या बापाच्या तोंडावर बोलायचं? म्हणून दुसरं बोलले, ऐकायला बरं दिसेल असं, आणि तुम्ही ते खरं धरून जन्मभर मनाला लावून घेतलंत. खाटेवर तरी सांगायला हवं होतं. पण ते सांगणं म्हणजे तुम्हाला आणखी एकदा मारणं, असं वाटलं. अजूनही मला कळत नाही की काय बरोबर होतं.

तर आता माझी पाळी, आणि या वेळी मी आत्याच्या जागी. नात ईस्टरला आली होती तेव्हा माळ्यावरच्या तुमच्या सामानात तो ग्लव्ह तिला सापडला. तिनं हात घातला. अगदी बरोबर बसला, बाबा. दोन दिवस घालूनच झोपली.

मघाशी इथवर लिहून उठले आणि लेकीला फोन केला. म्हटलं, तिला इकडे नको पाठवूस. ती काही म्हणायच्या आत मी म्हटलं, मी येते तिकडे, तुझी परीक्षा होईपर्यंत. ती म्हणाली, "पण आई, तुझा जॉब? आणि थर्ड फ्लोअर आहे, लिफ्ट नाही. युअर नीज." मी म्हटलं, जॉबला उद्या सांगते, गुडघ्यांना सवय होईल. "तू खरंच येशील?" असं तिनं दोनदा विचारलं आणि मग रडायला लागली. दहा महिने त्या तीन जिन्यांवरून पिठाच्या पिशव्या नि पोर घेऊन चढायचं, या विचारानंच मी आत्ता दमलेय. हे गेल्यापासून चार वर्षं या घरात माझं एकटीचं बरं चाललं होतं.

तुमचे गठ्ठे माळ्यावर आहेत, तारखेप्रमाणे लावलेले. हे कागद मी त्यांत सगळ्यात खाली ठेवीन, आजच्या तारखेच्या जागी. लेकीला मी सांगितलं की लहान पोरीनं आईला सोडून राहू नये, म्हणून मी येतेय. ती म्हणाली, आई, यू आर सो गुड. मी होकार भरला. पण तुम्हाला खोटं कळतं. पोरगी इथं मजेत राहिली असती. जूनमध्ये तिची ट्रंक भरून तिला परत देणं माझ्याच्यानं झालं नसतं. आत्यानं दिलं होतं.