संसाराला असमर्थ

३ फेब्रुवारी, सकाळ
निर्णय पक्का. लिओनिलापासून सुटका. चर्चच्या गायकमंडळात विधवा मर्लिंडाशेजारी उभा राहतो तेव्हा जाणवतं, माझ्यात अजून बराच नवरा शिल्लक आहे.
लिओनिलाला सांगितलं. ती खानावळीसाठी मासे साफ करत होती. म्हणाली, सही करणार नाही, कोर्टात येणार नाही, आणि बाहेर जातोच आहेस तर तांदूळ आण. आणले. पण ताठ मानेने आणले.

९ फेब्रुवारी
वकील पाक्लिबारना भेटलो. त्यांनी आठवण करून दिली की आपल्या फिलिपिन्समध्ये घटस्फोट नाही. लग्न मुळातच फोल होतं असं सिद्ध करायचं. त्यासाठी दोघांपैकी एक जण मनानेच संसाराला असमर्थ हवा. सोपं आहे. लिओनिला असमर्थ. पुरावा: घोरते आणि माझं ऐकत नाही.

२० फेब्रुवारी
कोर्टासाठी मानसतज्ज्ञ बाईंची तपासणी लागते. लिओनिला जायला तयार नाही. खानावळ कोण बघणार, बाईंना भूक लागली तर त्यांनीच यावं, असा निरोप. बाई खानावळीत गेल्या. दोनदा भात घेतला आणि लिओनिला ठणठणीत आहे म्हणाल्या. खाल्ल्या मिठाला जागल्या.

२ मार्च
वकील म्हणतात, आता एकच वाट. असमर्थ मी. साफ नकार दिला. माणसाला मान असतो.
संध्याकाळी: होकार कळवला. ही माघार नव्हे, स्ट्रॅटेजी.

१८ मार्च
साक्षीला थोरली बहीण फेलिसा. म्हटलं, ताई, माझ्याविरुद्ध थोडं बोलायचंय, जमेल ना? जमेल म्हणाली. मानसतज्ज्ञ बाईंसमोर दुपारभर बोलली, पाणीसुद्धा मागितलं नाही. लग्नाच्या दिवशी मी कोंबड्यांच्या झुंजीला गेलो आणि पाद्री ताटकळले, हेही सांगितलं. माझा कोंबडा जिंकला होता, तेवढं मात्र गाळलं.

५ एप्रिल, ईस्टर
ताईने बाजारातही साक्ष दिलेली दिसते. मर्लिंडाने विचारलं, तुम्हाला संसार झेपतच नाही म्हणे? मी म्हटलं, ते कोर्टापुरतं. ती म्हणाली, म्हणजे शपथेवर खोटं? सणासुदीला असले प्रश्न विचारू नयेत.
सुनावणीला ती येणार आहे. येऊ दे. जिंकताना बघेल.

१४ मे, सकाळ
आज सुनावणी. नवा बारोंग शर्ट. इस्त्री लिओनिलाने केली. तिचा असहकार इस्त्रीला लागू नसावा.

संध्याकाळ
ताई जोरात. मानसतज्ज्ञ बाई त्याहून जोरात. मी बढाईखोर, हट्टी, जबाबदारी टाळणारा. हे सुधारणं अशक्य, बायको कोणतीही असो. ‘कोणतीही’ ऐकून मर्लिंडा उठून गेली. उकाडा फार होता.
मग न येणारी लिओनिला आली. लग्न टिकावं म्हणून उभ्या असलेल्या सरकारी वकिलांनी विचारल्यावर म्हणाली, “माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा हा रोज तिचे केस विंचरायचा. तोंडाने बढाया चालू, पण हात हलका. हा आळशी आहे, खोटारडा आहे. पण असमर्थ नाही. तसं कुणाला म्हणू देणार नाही.”
न्यायाधीशांनी मला विचारलं, हे खरं का? पाक्लिबारनी माझी बाही ओढली. मी उभा राहिलो.
“खरं आहे,” म्हटलं, “आणि केस धुवायचोही मीच. ते सांगायचं राहिलं तिचं.”

१५ मे
पाक्लिबार म्हणतात, केस बुडाली आणि बायकोने नाही, तुम्हीच बुडवली. मर्लिंडाने गायकमंडळात दुसऱ्या टोकाची जागा मागून घेतली म्हणे. हरकत नाही. निकाल लागू दे, अपील करणार. मी हरणारा माणूस नाही.
दुपारी जेवताना लिओनिलाला तसं बजावलं. तिने ताटात आणखी एक मासा वाढला. मग राहवलं नाही. विचारलं, माझ्याबद्दल इतकं चांगलं वाटत होतं तर इतक्या वर्षांत एकदाही बोलली का नाहीस? काल रात्रभर त्याचंच वाईट वाटत राहिलं मला.
ती म्हणाली, “तू कधी बोलू दिलंस?”
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग गप्प बसून जेवलो.