तितिरचा खोकला आणि आईंची धुनुची

श्रीश्री दुर्गा सहाय

कृष्णनगर

पूजनीय खुकुदी,

तुमच्या आणि अमलेशदांच्या चरणी प्रणाम. या थंडीत अमलेशदांची छाती बरी आहे ना? आसनसोलला आमच्याइतकं धुकं पडत नाही असं ऐकते, ते खरं असो. इथे आई ठणठणीत आहेत (देवीच्या कृपेने फारच), तुमचे भाऊ नेहमीप्रमाणे शाळेत ओरडतात आणि घरी तोंड उघडत नाहीत, आणि तुमची लाडकी भाची तितिर जगद्धात्रीच्या विसर्जनापासून खोकते आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोन आईंच्या उशाशी आहे, आणि या पत्रातला निम्मा मजकूर म्हणजे आईच आहेत.

खोकल्याचं कारण पहिल्याच दिवशी सापडलं होतं, ते म्हणजे मी. विसर्जनाची मिरवणूक बघायला मी पोरीला टोपी न घालता गच्चीवर नेलं. तेव्हापासून तितिर माकडटोपीत जेवते आणि माकडटोपीतच झोपते. परवा केस विंचरायला मी टोपी काढली, तर “थंडी बाधेल गं, थंडी बाधेल!” म्हणून स्वतःच किंचाळली. वय तीन वर्षं, पण आवाज अगदी आईंचा. सकाळी अडुळशाचा रस मधातून, दुपारी ताडाची खडीसाखर, रात्री छातीला लसूण घालून कढवलेलं मोहरीचं तेल. पोरीला जवळ घेतलं की लोणच्याची बरणी उचलल्यासारखं वाटतं.

मग होमिओपॅथीचे भौमिकबाबू. त्यांनी पोरीची छाती तपासली नाही, माझा स्वभाव तपासला. पोटात असताना स्वप्नात पाणी दिसायचं का? राग गिळता की ओकता? (आई शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मी तोही प्रश्न गिळला.) शेवटी साखरेच्या गोळ्या दिल्या आणि ताकीद दिली, की घरात कांदा, कापूर, अत्तर, कसलाही उग्र वास नको, औषध मरतं. आईंनी विचारलं, “आणि संध्याकाळचा धूप?” भौमिकबाबूंनी हात जोडले. “छे छे मासीमा, तो देवाचा वास. त्याने औषधाला बळ येतं.”

तुमच्या माहेरचा हा धूप तुम्हाला मी काय सांगू! तुमच्या आजीची ती पितळी धुनुची, तिच्यात पेटलेली नारळाची सोडणं, वर मूठभर राळेचा धुनो. दिवेलागणीला शंख वाजतो आणि आई धुनुची घेऊन खोलीखोलीतून फिरतात. पूर्वी एक फेरी व्हायची. पोर खोकायला लागल्यापासून हवा शुद्ध व्हावी म्हणून तीन होतात, आणि शेवटी धुनुची तितिरच्या पलंगाखाली सरकवतात. पोर खोकली की म्हणतात, “बघ, निघतोय कफ!”

कल्याणी शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडेही नेलं. त्यांनी नीट विचारलं, घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का? आई म्हणाल्या, “आमच्या घरात? सुपारीसुद्धा नाही!” चूल? “गॅस आहे.” मग कसलाही धूर? आई आणि तुमचे भाऊ एका सुरात म्हणाले, “नाही!” खुकुदी, दोघंही खोटं बोलले नाहीत. धुनोला धूर म्हणायचं त्यांना सुचलंच नाही. मी तोंड उघडलं, तर आई म्हणाल्या, “बौमा, टोपी सरळ कर तिची.”

मधे आई कीर्तनाला नवद्वीपला गेल्या. धुनुची कोनाड्यात गप्प बसली आणि दुसऱ्या दिवसापासून खोकलाही गप्प बसला. भौमिकबाबू म्हणाले गोळी लागू पडली, तुमचे भाऊ म्हणाले डॉक्टरीणबाईंचं औषध, आणि आई परतल्यावर म्हणाल्या, “नवद्वीपला नवस बोलले होते.” नवस फेडायला त्या संध्याकाळी दुप्पट राळ पडली. पोर पहाटेपर्यंत खोकली.

मी एकदा बोलून पाहिलं. आई म्हणाल्या, “धुनोने पोरं खोकत असती, तर तुझा नवरा एवढा झाला असता का?” आणि जेवल्या नाहीत. नवऱ्याने दोघींचंही बरोबर असल्याचं सांगितलं आणि शिकवणीला निघून गेला. मीही गप्प बसले असते. पण काल शंख वाजला तशी तितिर खेळ टाकून उठली आणि खिडकीच्या गजांना तोंड लावून उभी राहिली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

असो. माझं काही मागणं नाही, मन मोकळं केलं, एवढंच. अमलेशदांना जपा.

तुमची,
सुतपा

ता. क. – एक मागणं आहे. आईंना होळीच्या दोलपौर्णिमेपर्यंत तुमच्याकडे बोलवा. लेकीने बोलावलं तर माया, सुनेने पाठवलं तर हकालपट्टी. माझं नाव येऊ देऊ नका.

ता. क. २ – पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज आई आपणहूनच म्हणाल्या, “खुकूकडे जाऊन येईन म्हणते.” मी आनंद लपवायला तांदूळ निवडायला बसले. मग त्यांनी तितिरचा हात माझ्या हातात दिला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडून शपथ घेतली, की त्या परत येईपर्यंत याच धुनुचीत रोज तीन फेऱ्या, एकही संध्याकाळ चुकवायची नाही. खुकुदी, मी शपथ घेतली. माझी एवढी शिकलेली जीभ, पण पोरीचं डोकं समोर आल्यावर ‘नाही’ म्हणायला वळली नाही.

ता. क. ३ – तेव्हा नुसतं आईंना बोलावू नका. तुमच्या घराला दृष्ट लागली आहे आणि आजीच्या धुनुचीशिवाय ती उतरणार नाही, असं कळवा. धुनुचीच घरात नसेल तर शपथ मोडायचा प्रश्न नाही. अमलेशदांच्या छातीचं माझ्या ध्यानात आहे. आईंबरोबर अडुळशाच्या रसाची बाटली, भौमिकबाबूंच्या गोळ्या आणि अमलेशदांच्या मापाची माकडटोपी पाठवते आहे.