वेडीच्या उताराबाबत

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पाट्या रंगवण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने आणि कोणाच्या धाकदपटशाला न जुमानता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आमच्या घरात बाईने जमिनीवर हक्क सांगितला की तिला वेड लागते, म्हणून ही खबरदारी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझे राहते घर, बँकेतली शिल्लक, ब्रश, रंगाचे डबे आणि शिडी माझ्या वारलेल्या बहिणीच्या मुलीला द्यावी. शिडीची वरची पायरी हलते, ती आधी ठोकून घ्यावी. भाची माझ्याबरोबर उन्हात उभी राहिली. बाकीचे नातेवाईक जेवायला आले.

नदीकडचा उतार, ज्याला अख्खे गाव वेडीचा उतार म्हणते, त्यातला माझा अर्धा हिस्साही तिलाच. दुसरा अर्धा तिला तिच्या आईकडून मिळालेला आहेच. चुलतभावाला किंवा त्याच्या मुलांना तो विकू नये, भाड्यानेही देऊ नये.

हे नाव कसे पडले ते येथे लिहून ठेवते. गावातल्या जागांच्या नावांवर चुलतभावाने पुस्तिका छापली आहे आणि तीत धडधडीत खोटे लिहिले आहे. उपाशी माळावर काही पिकत नाही म्हणून तो उपाशी. या गृहस्थाने तिथे कोणा साधूची उपासना चालवली. ते मी हसून सोडले. पण वेडीच्या उताराचा त्याने 'वेढ्याचा उतार' केला. का, तर तिथे रस्ता वेढा घेतो! रस्ता माझ्या लग्नानंतर झाला. नाव मी लहान असतानाचे आहे.

वडील गेल्यावर काकांना तो उतार हवा होता. आईने सही दिली नाही. काका कुंपण घालायला माणसे घेऊन आले की ती मधोमध जाऊन बसायची, भाजीसुद्धा तिथेच चिरायची. "वहिनीचं डोकं फिरलंय," असे काकांनी गावभर केले आणि एके दिवशी तिला गाडीत कोंबून वेड्यांच्या इस्पितळात नेले. मी गाडीच्या दाराला लोंबकळले होते. माझी बोटे काकांनी एकेक करून सोडवली. आई तिथेच वारली. आम्हा बहिणींनी उतार कोर्टातून परत मिळवला, तोवर नाव रुळले होते.

पुस्तिकेतल्या नावांच्या नव्या पाट्यांचे काम चुलतभाऊ निर्लज्जपणे माझ्याकडेच घेऊन आला.

"ताई, जुनं कशाला उकरून काढतेस? गावाची शोभा जाते."

"गावाची, की तुझ्या बापाची?"

मग त्याने उतारावर 'वेढ्याचा उतार' असा फ्लेक्स छापून लावला. तो मी उतरवून कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरला आहे. माझ्यामागे त्याचा त्याला परत द्यावा, न धुता. याखेरीज त्याला काही नाही. विसरले म्हणून नव्हे.

भाची म्हणाली, "मावशी, आजीला कायम वेडीच म्हणत राहायचं?"

होय. नाव गोड केले की काका सुटले. नाव बदलू नये. उताराच्या तोंडाशी लोखंडी पाटी उभारावी, अक्षरे रस्त्यावरून वाचता येतील एवढी. मजकूर असा:

वेडीचा उतार. ती वेडी नव्हती. तिच्या दिराला जमीन हवी होती.

सही

वरील मजकूर बाईंनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला व आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: निवृत्त पोस्टमन (सही)
साक्षीदार: शेजारीण, शिवणकाम (सही)
ठिकाण: बाईंचे राहते घर
तारीख: ११ मार्च